वकिलाची डायरी वाचण्यापूर्वी

बहुतेकांना वकील दोनच ठिकाणी भेटतो. एक नाटक-सिनेमात आणि दुसरे, स्वतःवर वेळ आली म्हणजे. पहिल्या ठिकाणी तो फार बोलतो आणि दुसऱ्या ठिकाणी पुढची तारीख सांगतो. या दोहोंच्या मध्ये त्याचा खरा दिवस असतो, सकाळच्या लोकलपासून रात्री ऑफिसचे शटर ओढेपर्यंतचा. त्याकडे निवांतपणे पाहावे असे आपल्याकडे फारसे कुणाला वाटलेले नाही. निकालांचे संग्रह निघतात, न्यायमूर्तींची चरित्रे येतात, गाजलेल्या खटल्यांवरची पुस्तके खपतात. पण जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या न्यायालयात स्वतःच्या नावाची पाटी लावून, कुणाच्याही पगारावर नसताना, तीस-चाळीस वर्षे उभा राहणारा माणूस कसा जगतो, कसा कमावतो, कुणाच्या आधारावर टिकतो, हा विषय अजून उंबरठ्याबाहेरच आहे. त्याला आत बोलवावे, म्हणून हा प्रपंच.

ठाणे आणि कल्याण इथल्या न्यायालयांतच माझी वकिली झाली, म्हणून उदाहरणे तिथली आहेत. वाचकांनी त्याला प्रांताभिमान समजू नये; समजल्यास थोडा खराही आहे.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. मराठी मनात ‘बॅरिस्टर’ या शब्दाला अजून एक झळाळी आहे. बॅ. नाथ पै, बॅ. अंतुले असे नावाआधीचे ते एक अक्षर आपण वर्षानुवर्षे आदराने उच्चारले आणि जयवंत दळवींना नाटकाला ‘बॅरिस्टर’ एवढेच नाव पुरले. पण ही पदवी म्हणजे धंद्याची एक विशिष्ट रचना होती, हे सहसा सांगितले जात नाही. इंग्लंडातला बॅरिस्टर हा मुळात स्वयंरोजगारी माणूस. चारपैकी एका ‘इन’मधून सनद घ्यायची, चारचौघांबरोबर चेंबरचे भाडे वाटून घ्यायचे, सामाईक क्लार्क ठेवायचा आणि सॉलिसिटर काम घेऊन येईल याची वाट पाहायची. पक्षकाराशी थेट व्यवहार नाही आणि फीची घासाघीसही नाही. १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले तेव्हा हीच विभागणी त्याच्या मूळ शाखेत आली. तिथे बॅरिस्टर आणि सॉलिसिटर यांचे राज्य. देशी वकिलांना वाव अपील शाखेत.

मुंबईबाहेरचा वकील मात्र वेगळ्या मातीचा. अशील त्याच्या ओटीवर येऊन बसे. दावा लिहायचा तोच, साक्षीदार उभे करायचा तोच, उलटतपास घ्यायचा तोच आणि फीची पावती फाडायची तीही त्यानेच. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने वकील, प्लीडर, मुखत्यार, बॅरिस्टर अशा सगळ्या पायऱ्या मोडून एकच ‘अॅडव्होकेट’ केला. अॅटर्नी तेवढे उरले होते, तेही १९७६ च्या दुरुस्तीने गेले. म्हणून आजच्या ठाण्याच्या वकिलाकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे की, बॅरिस्टरचे स्वातंत्र्य आणि ओटीवरच्या वकिलाची धावपळ, दोन्ही त्याच्या एकाच काळ्या कोटात आली आहेत. कोटाचेही सांगून टाकतो: उन्हाळ्यात खालच्या न्यायालयांत काळा कोट सक्तीचा नाही, तरी मे महिन्याच्या उकाड्यात तो अंगावर चढवूनच येणारे वकील तुम्हाला दिसतील. अशिलाला कोट लागतो.

पदवीने पोट भरत नाही याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये मुंबईत सनद घ्यायची तर फीचे पैसे नव्हते. मित्र नवल भथेना यांनी पाचशे रुपये दिले तेव्हा ते काम झाले. मूळ शाखेत काम सॉलिसिटरांच्या हातून यायचे, आणि जातीमुळे ते आले नाही. त्यांनी अपील शाखेत आणि जिल्ह्यांच्या न्यायालयांत वकिली केली, आणि १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घरखर्चाला हातभार लावला. जगातल्या उत्तम विद्यापीठांत शिकलेल्या माणसाची ही स्थिती. याचा अर्थ एवढाच घ्यावा की, स्वतंत्र वकिलीत विद्वत्ता ही पहिली अट असली तरी काम आणून देणारी माणसे ही दुसरी अट आहे, आणि ती बहुधा पहिलीपेक्षा जड जाते. योगायोगाने १९२३ हेच ते वर्ष, ज्या वर्षीच्या कायद्याने स्त्रियांचा वकिलीचा हक्क मान्य झाला. त्यांचीही खरी अडचण सनदेइतकीच पुढच्या कामाची होती, आणि आजही कल्याणच्या बाररूममध्ये एखाद्या तरुण वकीलताईंना विचारा, त्या हेच सांगतील.

आता नियम. ते कंटाळवाणे वाटतील, पण स्वतंत्र वकिलीचे सगळे चमत्कारिकपण त्यांत आहे. वकिलाला पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही. करायची तर सनद स्थगित ठेवावी लागते. त्याला दुसरा धंदा चालवता येत नाही. जाहिरात करता येत नाही; पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी. वेबसाइटवर नाव-पत्ता-शिक्षणाइतकी माहिती द्यायची मुभा मिळाली तीही २००८ मध्ये. दावा जिंकला तर इतके टक्के, असा करार त्याला वर्ज्य आहे. १९८४ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वकिलाचे ऑफिस ही दुकाने-आस्थापना कायद्यातली व्यापारी आस्थापना नव्हे. २००० मध्ये सांगितले की फी थकली म्हणून अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवता येणार नाहीत. आणि १४ मे २०२४ रोजी सांगितले की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, कारण हा पेशा इतरांहून निराळा आहे आणि वकील अशिलाच्या सूचनेबाहेर जाऊ शकत नाही.

म्हणजे पाहा: दुकान नाही, पण भाडे दुकानाचेच. जाहिरात नाही, पण गिऱ्हाईक यायला हवे. उधारी वसूल करायला हातात माल अडवून ठेवायची सोय नाही. इतकी बंधने घालून घेतलेला दुसरा स्वयंरोजगारी माणूस मला माहीत नाही, आणि खरे सांगायचे तर या बंधनांचा मला अभिमानही आहे.

पैशाकडे वळण्यापूर्वी भूगोल पाहू. ठाण्यात कोर्टनाक्यावर जिल्हा न्यायालय. पलीकडे किल्ल्याच्या तटबंदीतले मध्यवर्ती कारागृह आणि जवळच जिल्हाधिकारी कार्यालय. शहरात कौटुंबिक न्यायालय, कामगार न्यायालय, सहकार न्यायालय, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, ग्राहक आयोग, असा गोतावळा. कल्याणला दिवाणी आणि फौजदारी न्यायालये, अतिरिक्त सत्र न्यायालय आणि रेल्वेचे न्यायालय. भिवंडी, उल्हासनगर, शहापूर, मुरबाड यांची न्यायालये वेगळी. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला तेव्हा जव्हार-डहाणूकडचे जिल्हाधिकारी कार्यालयातले काम ठाण्यातून गेले, आणि काही जणांच्या डायऱ्या बारीक झाल्या. डोंबिवलीचा वकील राहतो डोंबिवलीत, ऑफिस थाटतो डोंबिवलीत, आणि उभा राहतो कल्याणला किंवा ठाण्याला. त्याचा पेशा खरे तर रेल्वेच्या रुळांवर चालतो: ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. अकराला ठाण्यात जामिनाचा अर्ज आणि दुपारच्या सत्रात कल्याणला उलटतपास असेल, तर मधले गणित मध्य रेल्वेच्या हाती असते. दिव्याजवळ गाडी थांबली की वकील खिडकीबाहेर पाहत नाही, फोन काढतो.

तो फोन कुणाला जातो, तिथे या विषयाची किल्ली आहे. पण त्याआधी डायरी.

वकिलाची डायरी म्हणजे पानाला एक दिवस असलेली जाड वही. डाव्या कडेला मागची तारीख, मग न्यायालय, दाव्याचा नंबर, पक्षकारांची नावे, कामाचा टप्पा आणि उजव्या कडेला पुढची तारीख. टप्प्याच्या रकान्यात दोन-चार अक्षरे असतात: ‘से’, ‘इश्यू’, ‘पुरावा’, ‘उलट’, ‘आर्ग्यु.’, ‘ऑर्डर’. संध्याकाळी ऑफिसात बसून प्रत्येक नोंद पुढच्या पानावर न्यायची, हे रोजचे काम. ही नोंद पुढे नेली नाही, तर ते प्रकरण वकिलाच्या जगातून नाहीसे होते. न्यायालयाच्या जगात मात्र ते असतेच.

हे मी अनुभवाने सांगतो. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका न्यायालयात गर्दीच्या गोंगाटात पुढची तारीख पुकारली गेली: एकोणीस. मी लिहिले एकोणतीस. एकोणतीसला पुराव्याचे शपथपत्र तयार करून, अशिलाला इस्त्रीचा शर्ट घालायला लावून मी हजर झालो, तर बोर्डावर आमचे नावच नाही. दहा दिवसांपूर्वी तीनदा पुकारा होऊन, वादी आणि वकील गैरहजर म्हणून दावा काढून टाकला गेला होता. दावा पुन्हा पटावर घेण्यासाठी अर्ज करायला तीस दिवसांची मुदत असते. माझे दहा गेले होते. अर्जात कारण काय लिहायचे? जे घडले तेच लिहिले. अर्जावर समोरच्या वकिलांचे म्हणणे, म्हणजे ‘से’, मागवले गेले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा वर केला आणि लिहिले: खर्च देण्याच्या अटीवर हरकत नाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “तारीख कानांनी घ्यायची नसते वकीलसाहेब, रोजनाम्यावरून डोळ्यांनी घ्यायची.” रोजनामा म्हणजे प्रकरणात त्या दिवशी काय झाले याची न्यायालयाने ठेवलेली नोंद. खर्चाची रक्कम मी माझ्या खिशातून भरली. अशिलाला ते आजतागायत ठाऊक नाही.

तेव्हापासून मी या पेशाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. ज्यांच्याशी त्या दाव्यात मी भांडत होतो, त्यांनीच माझी चूक निभावून नेली. स्वतंत्र वकील हा स्वतंत्र असतो तो कागदावर. रोजच्या दिवसात तो इतरांच्या सांभाळून घेण्यावर उभा असतो. दिव्याला अडकलेल्या गाडीतून जातो तो फोन असा: “तीन नंबर कोर्टात आहात ना? माझे एक मॅटर आहे, जरा सांभाळून घ्या.” पलीकडचा माणूस उठतो आणि विनंती करतो की वकील प्रवासात आहेत, दुसऱ्या पुकाऱ्याला घ्यावे. या कामाचे पैसे नाहीत, पावती नाही, नोंद नाही. पण ज्याच्यासाठी असा कुणी उठत नाही, त्याची वकिली फार दिवस चालत नाही.

या सांभाळण्याच्या साखळीत सगळ्यांत कमी दिसणारी कडी म्हणजे वकिलाचा कारकून. नक्कल कुठल्या टेबलावर अडली आहे, बेलीफ समन्स घेऊन कधी निघणार, नाझरकडे भरणा किती वाजेपर्यंत घेतात, हे त्याला वकिलापेक्षा नेमके ठाऊक असते. दुसरी कडी ज्युनिअरची. तो पहिली दोन-चार वर्षे सीनिअरच्या ऑफिसात मुदतीचे अर्ज लिहितो, तारखा घेतो आणि प्रवासखर्च सुटेल इतके मिळाले तर समाधान मानतो. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सनदेची नोंदणी फी कायद्यातल्या ७५० रुपयांवरच, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांवरच, ठेवायला सांगितले. त्याच वर्षी बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावे असे सुचवले. सूचना चांगली आहे. पण ज्या सीनिअरचे स्वतःचे उत्पन्न कधी महिन्याला भरभरून आणि कधी दोन महिने कोरडे, त्याने ती पाळायची कशी, हा प्रश्न अभ्यासकांनी घ्यावा असा आहे. मला उत्तर सुचलेले नाही.

काम कुठून येते, हे जागेवर ठरते. जुन्या ठाण्या-कल्याणात ते जमिनीतून यायचे: सातबारा, वाटप, १९४८ च्या कुळकायद्यातली प्रकरणे. नंतर त्या जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या आणि काम इमारतींतून येऊ लागले. डोंबिवलीतल्या कितीतरी सोसायट्यांच्या पायाखालची जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर आहे. ती सोसायटीच्या नावे करून घेण्याच्या कामाला ‘मानीव अभिहस्तांतरण’ असे भारदस्त नाव आहे. कमिटीच्या सभेत सगळे त्याला ‘डीम्ड’ म्हणतात. जिल्हा उपनिबंधकांसमोर चालणाऱ्या या कामावर आज कित्येक वकिलांची चूल पेटते. घर घेणाऱ्यासाठी मालकी हक्काचा शोध घेणे हे असेच दुसरे काम. ते किती जोखमीचे, हे डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींच्या प्रकरणाने दाखवले. बनावट परवानग्यांवर महारेराची नोंदणी झाली होती आणि राहती घरे पाडण्याचा आदेश निघण्यापर्यंत गोष्ट गेली. याखेरीज न वटलेले धनादेश, अपघाताचे दावे, पोटगी, जामीन. दहा वर्षे वकिली झाल्यावर नोटरीसाठी अर्ज करता येतो, आणि पुष्कळांच्या घरी नियमित पैसा प्रथम येतो तो त्या शिक्क्यातून.

भाषेबद्दल थोडे. १९९८ पासून महाराष्ट्रातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली आहे. प्रत्यक्षात तुम्ही बाकावर बसून ऐकाल ती एक तिसरीच भाषा: “साहेब, समोरच्यांचा से आलेला नाही, पुरसिस दिली आहे, नो डब्ल्यू.एस. ऑर्डर व्हावी.” तिला हसू नका. पेशवाईतून आलेले फारसी शब्द, इंग्रजांनी ठेवलेले लॅटिन आणि घरातली मराठी यांचे हे लोणचे दीडशे वर्षे मुरलेले आहे. त्यातच १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायद्यांची नावे आणि कलमांचे आकडे बदलले. तीस वर्षे ‘तीनशे दोन’ म्हणणाऱ्या माणसाला ‘एकशे तीन’ म्हणायला शिकावे लागले, आणि ज्युनिअर मंडळींनी आपल्या सीनिअरला काही शिकवल्याचा आनंद प्रथमच घेतला.

ज्यांना या विषयात शिरायचे आहे त्यांनी निकालांपासून सुरुवात करू नये, अशी माझी विनंती आहे. निकालात वकिलाचे नाव एका ओळीत असते. त्याचे आयुष्य रोजनाम्यात सांडलेले असते. न्यायालय खुले असते. सकाळी अकराला मागच्या बाकावर जाऊन बसा, दाराबाहेर लावलेला बोर्ड आधी वाचा आणि त्यातले एकच प्रकरण निवडा. त्याचा सोळा आकडी-अक्षरी नंबर ई-कोर्ट्सच्या अॅपवर घालून वर्षभर त्याच्या मागे राहा. तारीख का पडली, कुणी मागितली, कुणी विरोध केला नाही, हे टिपत जा. दोषी कोण हे ठरवण्याची घाई वाचकांनी आवरावी. एकेका तारखेमागे न आलेला साक्षीदार, बदली झालेले न्यायाधीश, न बजावलेले समन्स आणि कधी आमचा आळसही असतो. मग एखाद्या वकिलाशी बोला. फीचा प्रश्न शेवटी विचारा. अशिलाबद्दल विचारू नका, कारण ते गुपित राखणे हे त्याचे कायद्याने बांधलेले कर्तव्य आहे. विचारून तो सांगू लागला, तर त्याच्याकडे आपले काम कधी देऊ नका.

माझ्याजवळ एक जुनी डायरी आहे, माझ्या सीनिअरांची. ते एका ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुट्टीआधी अचानक गेले. वकील गेला की त्याचे वकीलपत्रही संपते. प्रत्येक अशिलाकडून नवे घ्यावे लागते. तेराव्यानंतर आम्ही पाचजण त्यांच्या ऑफिसात जमलो, डायरी टेबलावर ठेवली आणि पाने वाटून घेतली. आमच्यातले दोघे त्यांच्याविरुद्ध कामे चालवणारे होते. ती कामे सोडून बाकीची त्यांनी घेतली. अशिलांना फोन गेले, ज्यांना दुसरा वकील हवा होता त्यांची कागदपत्रे बांधून दिली. फीचा विषय कुणी काढला नाही. जे काही आले ते वहिनींकडे पोचवले. त्या डायरीत ऑक्टोबरपर्यंत त्यांचे बारीक, तिरके अक्षर आहे. नोव्हेंबरपासून पुढे पाच शाया आहेत, पाच अक्षरे आहेत, आणि उजव्या कडेचा रकाना एकाही दिवशी रिकामा नाही.